लाकडी मैदानाचे चाचा

"पहिले जोडे काढा, मंग बोला."

हिंगोलीच्या नव्या बंदिस्त क्रीडागृहाच्या दारात चाचा दोन्ही हात पसरून उभे राहायचे आणि येईल त्याला हेच ऐकवायचे. तुम्ही कोण, कुठले, हे सगळं नंतर. पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी निमूट बूट काढले आणि मोज्यातून डोकावणारा त्यांचा अंगठा आम्हा सगळ्या समितीला दिसला. पाहणी पाच मिनिटांत उरकली.

इथे हॉकीही होणार आणि गाण्याचे कार्यक्रमही, असं ठरलेलं. चाचांना फक्त हॉकी मंजूर होती. पहिल्याच ऑर्केस्ट्राच्या गायिकेच्या उंच टाचांच्या चपला त्यांनी काढून घेतल्या. बिचारी पोस्टरपेक्षा चार बोटं बुटकी होऊन अनवाणी गायली. चाचा पहिल्या रांगेत बसून सगळा वेळ तिच्या पायांकडे पाहत होते, म्हणजे पायांखालच्या लाकडाकडे.

"गाते बराबर," नंतर म्हणाले, "पन लई नाचून राहिली व्हती."

त्याआधी तीस वर्षं ते जुन्या मैदानाचे राखणदार. खडे वेचायचे, फक्कीने रेषा आखायचे, आणि सामन्याच्या सकाळी डब्यांनी पाणी शिंपून धूळ बसवायचे. मी शाळेतला क्रीडाशिक्षक. माझ्या पोरी त्या ओल्या मातीवरच हॉकी शिकल्या. मैदान जाऊन तिथे छप्पर आलं, तेव्हा समितीशी भांडून मीच चाचांना आत नोकरीला लावलं. त्याचा मला केवढा अभिमान! तेव्हापासून मी तो भेटेल त्याला ऐकवत होतो.

मग आतला पोरींचा पहिला सामना ठरला. आदल्या संध्याकाळी मी फोन केला. "चाचा, मैदान नेहमीसारखं तयार ठेवा."

"बेफिकर राहा, सर."

सकाळी जाऊन पाहतो तर चाचा पायजमा दुमडून उभे, आणि चकचकीत लाकडी जमिनीवर वीस डबे पाणी.

"आता धूळ उडनार न्हाई," ते खुशीत म्हणाले.

दुपारपर्यंत फळ्या फुगून वर आल्या. सामना रद्द झाला.

समिती बसली. अध्यक्ष कडाडले, "पाणी मारायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी न्हाई, साहेब. माह्याच मनानं केलं."

मी समोरच्या चहावरची साय पाहत बसलो. त्यांना काढून टाकायच्या ठरावावर सही करताना माझं पेन अडखळलंही नाही. मी भित्रा माणूस आहे, हे तुम्हाला सांगून टाकतो. समितीला सांगायचं राहिलं.

चारेक दिवसांनी जीपच्या अड्ड्यावर भेटले. जवळच्याच गोरेगावला, लेकीकडे निघाले होते. मी माफीसारखं काहीतरी पुटपुटलो.

"तुमी काहून तोंड पाडता, सर? तुमाले काढलं असतं, तं पोरीले कोनं शिकवलं असतं? माहं काय, लेकीच्या कोंबड्या राखीन."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि ते मागच्या फळीवर दाटीवाटीने बसले.

गेल्या महिन्यात नव्या जमिनीवर पोरी खेळल्या आणि जिंकल्याही. फोटोसाठी रांग लागली, तेव्हा कर्णधार इकडेतिकडे पाहायला लागली.

"सर, चाचा न्हाई दिसून राहिले. काहून गेले ते?"

"कंटाळले असतील," मी म्हणालो, आणि फोटोसाठी हसलो.