बाईंचे हात पडद्यावर अडखळतात तेव्हा

"बघा, बघा सर, हात परत गायब झाला!"

मुख्याध्यापिका बिराजदार मॅडम टीव्हीकडे बोट दाखवत होत्या. पडद्यावर सुनंदाबाई अपूर्णांक शिकवत होत्या. तोंडानं नाही, हातांनी. ही कर्णबधिर मुलांची शाळा. बाईंचा हात छातीपाशी होता, पुढच्या क्षणी थेट कपाळाशी. मधली हालचाल कुठे गेली कुणास ठाऊक.

"आपल्याला वाटतं व्हिडिओ जरा अडकला," मॅडम म्हणाल्या. "पण पोरांसाठी अख्खा शब्दच गिळला की हो."

सोलापूरच्या भवानी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो धंदा. लिनक्स हा नाद. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट मिळणारी सिस्टीम. तिच्यात हात घालून हवे ते बदल करता येतात आणि हौस असेल तर बिघाडही. माझी बायको म्हणते, "चालतं मशीन बघवतच नाही तुम्हाला."

सुनंदाबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. बाकीचे शिक्षक खुणा शिकून आलेले, बाईंची ती आपली भाषा. मुलांना गणित कळायचं ते त्यांच्याकडूनच. महिनाअखेरीस बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण येणार, मुळात कुणी येणार का, हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून मॅडमनी फोनवर त्यांचे धडे शूट करून ठेवले. ते दाखवायला कुठल्याशा कारखान्यानं काढून टाकलेला कॉम्प्युटर मिळाला. त्याच्यावर विंडोज रडत होतं, म्हणून मी लिनक्स टाकलं. धडे नीट चालले नाहीत, तर बाईंबरोबर मुलांचं गणितही शाळेबाहेर पडणार होतं.

अडखळण्याचं कारण लवकर सापडलं. व्हिडिओ म्हणजे घडी घातलेली चादर. दाखवताना ती उलगडावी लागते. हे काम मुख्य प्रोसेसरनं केलं तर म्हाताऱ्याला धाप लागते आणि तो मधली चित्रं गाळतो. ग्राफिक्स चिपनं केलं तर काम सहज होतं. या चिपला ते येत होतं, पण फोननं नव्या पद्धतीची घडी घातली होती आणि चिप जुन्या वळणाची. मी सगळे धडे जुन्या पद्धतीत बदलून घेतले आणि उलगडण्याचं काम चिपकडे दिलं. हात वाहत्या पाण्यासारखे चालू लागले.

मग सुरुवातीचं बघितलं. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, पासवर्ड न विचारता धडा लावावा आणि थांबला तिथून पुढे चालवावा, अशी सोय केली. कुठलं बटण दाबायला नको. स्वतःवर खूश होऊन मी शाळेतून निघालो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "सर, भर वर्गात बंद पडतंय. टीव्हीवर 'नो सिग्नल' येतं. मग परत आपलं आपण सुरू होतंय."

'नो सिग्नल' म्हणजे कॉम्प्युटरकडून टीव्हीला चित्रच मिळत नाही. मला ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीम आणि चिप यांच्यातला दुभाष्या, संशयित वाटला. शाळा सुटल्यावर गेलो. धड्यामागून धडा लावून बघितला. एकदाही बंद पडलं नाही. तरी सुरू होतानाच ड्रायव्हर बाजूला ठेवायची सूचना सिस्टीमला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी मशीन वर्गात बंद पडलंच, वर ड्रायव्हर नसल्यानं हात पुन्हा अडखळायला लागले. आगीतून फुफाट्यात. ती सूचना काढून टाकली.

मग लॉग वाचला. सिस्टीम जे काही करते त्याची नोंद स्वतःच ठेवत असते. ड्रायव्हर कोसळला असता तर कुरकुर दिसली असती. इथे सगळं सुरळीत आणि मग एकदम काहीच नाही. बोलता बोलता कुणी तोंड दाबावं तसं. म्हणजे वीज तुटत होती. मी आतला पॉवर सप्लाय बदलला. रविवारी येऊन पुन्हा तपासलं. उत्तम.

सोमवारी फोन. "सर, पडलं परत." मॅडम म्हणाल्या, "बाई विचारतायत, धडे कागदावर लिहून ठेवू का म्हणून."

मला वाईट वाटलं. खुणांचे धडे कागदावर कसे लिहिणार? ज्या बाईनं आयुष्यभर हातांनी शिकवलं, तिनं माझ्या मशीनवरचा विश्वास सोडला होता. म्हटलं, "मॅडम, उद्या मी वर्गातच बसतो. शेवटच्या बाकावर."

बसलो. घरी आम्ही तेलुगू बोलतो, दुकानात मराठी आणि हिंदी. सोलापुरात त्याचं कुणाला कौतुक नाही. पण त्या वर्गात मी ठार अडाणी होतो. आजूबाजूला हातांचा नुसता बाजार भरला होता, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

धडा सुरू झाला. थोड्या वेळानं मागच्या पोरांची हातांनी कुजबुज वाढली. सुनंदाबाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि ट्यूबलाइटचं बटण खटखट खालीवर केलं. सगळ्या माना वर झाल्या. या शाळेत "ए, इकडे बघा" म्हणायची हीच रीत. मागे वळून बसलेल्यालाही उजेडाची हालचाल कळते.

टीव्हीवर 'नो सिग्नल'.

मी उठून स्विचबोर्डापाशी गेलो. ही खोली पूर्वी अडगळीची होती. कुणीतरी ट्यूबलाइटच्याच वायरीवरून एक सॉकेट काढलं होतं आणि नेमकं त्याच्यावर माझा कॉम्प्युटर. टीव्ही दुसऱ्या भिंतीवरच्या वेगळ्या वायरीवर, म्हणून तो शाबूत. बटण चटकन हललं तर मशीन तग धरायचं, जरा रेंगाळलं की मरायचं. सुरू होतानाचा 'टुक' आवाज ऐकायला तिथे कुणाचेच कान नव्हते. आणि मी? मी रिकाम्या खोलीत तपासत होतो. रिकाम्या खोलीत कोण कुणाला हाक मारणार!

मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "मी बाईंना सांगते, या वर्गात लाइट हलवायची न्हाय."

"अजिबात नको," मी म्हणालो. "त्यांचा आवाज आहे तो. वायर मी हलवतो."

टीव्हीच्या सॉकेटवरून कॉम्प्युटरला जोड दिली. मॅडमनी बाईंना खुणेनं कारण सांगितलं. बाई माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग त्यांनी मुद्दाम जाऊन बटण चांगलं दहा-बारा वेळा खटखटवलं. पडद्यावरच्या बाई शांतपणे भागाकार करत राहिल्या.

ड्रायव्हर, चिप, लॉग, सगळं धुंडाळलं आणि दोष निघाला वायरीत. या धंद्यातला माझा शहाणपणा आता एवढाच: मशीन तपासायचं तर ते वापरणारी माणसं समोर असताना तपासावं.

बाई निवृत्त झाल्या. नंतर एकदा मी सिस्टीम अपडेट करायला गेलो, तर त्याही पाहुण्या म्हणून आलेल्या. वर्गात त्यांचाच धडा चालू होता. त्या शेवटच्या बाकावर टेकल्या आणि मॅडमशी खुणांनी गप्पा मारायला लागल्या. पुढच्या बाकावरची एक मुलगी वैतागून मागे वळली आणि बाईंना तिनं दोन-तीन खुणा झटकन केल्या.

"काय म्हणतीय?" मी मॅडमना विचारलं.

मॅडमना हसू आवरेना. "म्हणतीय, हात खाली घ्या. बाई शिकवतायत."

सुनंदाबाईंनी मुकाट्यानं हात मांडीवर ठेवले आणि स्वतःचा धडा शेवटपर्यंत बघितला.