उकंडमामांचं चालणं

हळद निघून शेत मोकळं झालं की उकंडमामांची मेंढरं आमच्या शेतात बसायला यायची. मी सून होऊन शिरड शहापूरला आले, त्याच्याही आधीपासूनचा हा रिवाज. औंढ्याच्या डोंगराकडच्या वाडीतून निघायचं, गावोगावच्या रानात मुक्काम करत आमच्यापर्यंत पोचायचं. जाळ्याच्या कुंपणात कळप दाटीवाटीने बसे. जमिनीला लेंडीखत मिळे, मामांच्या घरी आमची ज्वारी जाई.

मामांचं चालणं बघण्यासारखं होतं. उंच, काटकुळा माणूस. मानेमागे आडवी काठी, तिच्यावर टाकलेले दोन्ही हात, ओठांत विडी. घाई कधी दिसली नाही, पण सोबतच्या माणसाला धावावं लागे. त्यांची बायको सुमनबाई म्हणायची, "लगीन झाल्यावर ह्यांचं तोंड मी लई दिसानं पाह्यलं. तवर नुसती पाठच दिसायची."

गेल्या वर्षी मात्र मी बघितलं, मामा कुंपणापासून विहिरीकडे निघाले आणि मध्येच उभे राहिले. इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं, पुन्हा चालू लागले, पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी भाकरी घेऊन गेले होते. सुमनबाईंनी चुलीजवळूनच टोमणा मारला, "काहून थांबून राहिले? आमदाराची गाडी येऊन राहिली का?"

"गप बस," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काही न्हाई सूनबाई. उजवी पोटरी धरती. जरासं उभं राह्यलं की सुटती."

"मुरगळली का?"

"न्हाई. वय झालं. एवढं चालल्यावर लोखंड बी झिजतं."

हौदावर ते पाय धूत होते तेव्हा मी नीट पाहिलं. उजव्या नडगीवरचे केस पार गेले होते, कातडी चकचकीत ताणलेली, बोटं निळसर. सुमनबाईंना म्हटलं, हात लावून बघा. त्यांनी आधी डाव्या पायाला लावला, मग उजव्याला, आणि हात तिथेच राहिला. "हा तर गार पडलाय," त्या म्हणाल्या. टोमणा मारायचं त्या विसरल्या.

ह्यांनी गाडी काढली आणि मामांना नांदेडला नेलं. हरीश, मामांचा मुलगा, कळपाजवळ थांबला. मी सोबत गेले, कारण मामा डॉक्टरांपुढे नुसती मान हलवून परत येणार हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. डाव्या पावलावर सापडली, उजव्यावर नाही. मग तपासणी झाली. मामांना समजेल असं त्यांनी सांगितलं, "हळदीला ठिबक असतं ना तुमच्याकडे? नळीत क्षार साचला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. तुमच्या पायाला तसंच रक्त पोचत नाही. नळी विडीनं खराब केलीय."

गोळ्या दिल्या. विडी पूर्ण बंद. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं. त्यानं बाजूच्या बारीक नळ्या वाढतात आणि रक्ताला आडवाट मिळते. पायाला जखम होऊ द्यायची नाही, शेक द्यायचा नाही. आणि जखम झालीच तर त्याच दिवशी यायचं, कारण ती भरायला लागणारं रक्तच पायात नाही.

गाडीत मामा हसत होते. "जलमभर चालूनच राह्यलो. आता औषध म्हनून चालायचं व्हय?"

"आणि विडी, मामा?"

"सोडली समजा."

कळप हलला तेव्हा गोळ्यांची पिशवी सुमनबाईंच्या कमरेला होती. विडी मात्र मामांनी सोडली नव्हती, कमी केली होती. मेंढरांमागचा दिवस लांब असतो आणि बोलायला कुणी नसतं, हे मला कळत होतं. तरी फोन केला की विचारायची. "आज एकच," ते म्हणायचे. रोजचं उत्तर हेच.

पावसाळ्यात कळप वाडीला परतला. ओल्या रानात मामांचा पाय रात्रीचा ठणकू लागला. खाटेखाली पाय लोंबकळत सोडला की जरा बरं वाटे, म्हणून ते बसूनच झोपायचे. हे सगळं पुढे सुमनबाईंकडून कळलं. त्या गरोदर मुलीकडे, पुनमकडे, जवळा बाजारला गेल्या होत्या. त्या आठवड्यात मामांनी विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि स्वतःच्या पोटरीला डाग दिला. एक पोटरीवर, एक घोट्याच्या वर.

मेंढी लंगडू लागली की ते तिला असाच डाग द्यायचे. त्यांच्या बापानेही दिले होते, माणसांनाही दिले होते. डागलेली जागा लाल होते, सुजते, आणि लोक म्हणतात रक्त उठलं. कितीतरी मेंढ्या मामांच्या हातून अशा चालत्या झाल्या होत्या, निदान मामा तसं मानत होते.

पुढे त्यांना दवाखान्यात ठेवलं, तिथे मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मीच काहीतरी विसरले होते. "डॉक्टरच बोलले ना सूनबाई, रगत पोचत न्हाई म्हनून. तुमी बी होत्या तिथं. मंग मी रगताला हाक मारली. दुसरं काय केलं?"

डॉक्टरांनी शेक देऊ नका म्हटलं होतं. मामांच्या लेखी शेक म्हणजे गरम वीट, फडकं. डाग ही वेगळी गोष्ट, तो इलाज होता. हाक त्यांनी मारली, पण यायला वाटच नव्हती. घोट्यावरचा डाग भरला नाही. मामांनी त्यावर हळद दाबली, वर फडकं गुंडाळलं आणि धोतराचा सोगा खाली ओढला. सुमनबाई परतल्या तेव्हा वास त्यांना लगेच आला. तोवर बोटं काळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, आता नळी मोकळी करूनही पाय वाचत नाही. गुडघ्याच्या खालून काढावा लागला.

दिवाळीनंतर आम्ही वाडीला गेलो. मामा खाटेवर बसले होते, दाढी केलेली, स्वच्छ. विडीचा वास नव्हता.

"सोडली बघा," ते म्हणाले. "फुकट न्हाई सुटली."

सुमनबाई त्यांचं डावं पाऊल मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या बघत होत्या. आता हे रोजचं काम. चीर, फोड, काही दिसतंय का बघायचं आणि पावलावर बोट ठेवून नाडी शोधायची. "हाय," त्या म्हणाल्या, आणि पाऊल खाली ठेवलं.

"मेंढरं विकायची का म्हनून हरीश पुसतो," मामा म्हणाले. "मी म्हनलं, तुझे दोन पाय बराबर हायेत ना? मंग जा."

यंदा हळद निघाल्यावर हरीश एकटाच कळप घेऊन आला. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा दुपार उतरत होती आणि मेंढरं बांधाकडेला विखुरली होती. हरीश वडिलांना व्हिडिओ कॉल लावून कळप दाखवत होता. मामा एकेक मेंढी ओळखत होते. ही व्याली का, तिचं पिल्लू कुठलं, ती लाल कानाची वाळली काहून. चेहरा पडद्याला इतका चिकटवलेला की नुसता एक डोळा आणि कपाळ दिसत होतं.

मग बोलता बोलता त्यांनी मेंढरांना बोलवायची हाळी दिली. जिभेवरचा तो लांब, थरथरता आवाज, सवयीनं निघून गेला असावा.

बांधाकडच्या मेंढरांनी माना वर केल्या. पुढच्या दोन-तीन मेंढ्या निघाल्या आणि मागून सगळा कळप हरीशकडे धावत आला. त्याच्या गुडघ्यांना, हाताला, फोनला नाकं लावत त्या ढकलाढकली करू लागल्या. हरीश हसायला लागला. "बाबा, बघा, तुमाला हुडकून राहिल्या."

पडद्यावरचा चेहरा मागे सरला. मग मामा म्हणाले, "बंद कर रं."

"का? बोला ना अजून."

"बंद कर. मुक्या जनावराला असं फसवू न्हाई."

हरीशनं फोन खिशात टाकला. मेंढरं बराच वेळ तिथेच उभी होती.