बिफोरवाले मागे

"हसू नका ताई. बिफोरच्या फोटोत हसायचं नसते."

फोटोवाला तसा सभ्य होता. त्याने मला समोरून उभं केलं, मग बाजूने, मग पाठमोरं. खांदे पाडा म्हणाला. पोट आत घेऊ नका म्हणाला. कळायला लागल्यापासून मी फोटोत पोट आत घेत आले. ती सगळी मेहनत त्याने एका वाक्यात मोडून टाकली. अंगात त्यांनीच दिलेला टी-शर्ट होता, मुद्दाम एक माप लहान. तो पोटावर थांबेना. मी खाली ओढू लागले तर रत्नमाला मॅडम म्हणाल्या, "राहू द्या ना ताई तसाच. आफ्टरमध्ये फरक दिसला पाहिजे."

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर चहा चालला होता. चहा पिणारे बघत होते.

मी हसले नाही. सांगितलं म्हणून नव्हे. हसू येत नव्हतं.

जागा होती भंडाऱ्यातलं एक मंगल कार्यालय. महिन्यातून एका रविवारी तिथे वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेले आणि होणारे लोक जमायचे. नागपूरच्या एका हॉस्पिटलने जमवलेला आधार गट. मी अड्याळची. शाळेत ग्रंथपाल. एकटी राहते. साखर इतकी वाढलेली की इन्सुलिनची सुई टोचायला पोटावर नवी जागा शोधावी लागे. तशी जागा भरपूर होती, हे मीच म्हणून घेते. दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत.

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. काय काय होऊ शकतं ते सांगितलंही, पण भरभर आणि अर्धं इंग्रजीत. बाहेर रांग होती. उरलेलं गटात कळेल म्हणाले. म्हणून मी गटात गेले. मला एकच गोष्ट हवी होती. ज्यांचं झालं आहे त्यांनी सांगावं, नंतर काय होतं.

गटात दोन जाती होत्या. माईकवरून मॅडम पुकारायच्या, "आफ्टरवाले समोर या, सोफ्यावर. बिफोरवाले मागे."

सोफे नवरानवरीचे, लाल मखमलीचे. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. आमच्यासाठी दोन-दोन खुर्च्या एकात एक बसवलेल्या, मोडू नयेत म्हणून. विचार केला तर ती सोयच होती. पण कार्यालयाचा माणूस आधी आमच्याकडे बघायचा, मग खुर्चीकडे, मग काही न बोलता दुसरी खुर्ची आणायला जायचा. त्या न बोलण्याला आवाज होता.

रत्नमाला मॅडम गटाच्या प्रमुख. तुमसरकडच्या राईस मिलवाल्यांच्या घरातल्या. ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेली. मला त्यांचा हेवा वाटायचा. हे मी गोड करून सांगणार नाही. त्यांच्या गळ्याखाली हाड दिसायचं. माझ्याही गळ्याखाली ते असणार, शरीरशास्त्राच्या पुस्तकात तसं दिलेलं आहे, पण मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं मंगळसूत्र त्या हाडावर अलगद टेकायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन परत यायच्या. केस दाट. आणि बशीत अर्धा लाडू ठेवून त्या बोलायला उठत आणि परत आल्यावर त्याच्याकडे बघतही नसत. लाडू विसरणं! पुस्तकांत मी राज्यं सोडणारे संन्यासी पुष्कळ वाचले आहेत. समोरचा लाडू विसरलेला एकही आठवत नाही.

पहिल्याच बैठकीत मी हात वर केला. विचारलं, "ऑपरेशननंतर नेमका काय त्रास होतो?"

मॅडम हसल्या. "देखो ताई, मला तर काहीच झालं नाही. आपण पॉझिटिव्ह राहायचं. बस."

सोफ्यावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. काहींनी जरा जास्तच.

माझ्या शेजारी वंदना बसली होती. करडीची. घरी धानाची शेती, वजन माझ्याएवढंच, साखरही तशीच. ती माझ्या कानाशी म्हणाली, "काईच होत नाई म्हन्ते जी? मंग चाय झाल्याबरोबर ह्या बाया बाथरूमकडे काहून पळून राहिल्या?"

मी तोंडावर रुमाल धरला. त्या कार्यालयात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

आमची दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. पोटाचा लिंबाएवढा कप्पा करून तो आतड्याला जोडला. मग नुसतं पातळ. कागदावर क्लियर सूप लिहिलं होतं. आमच्याकडे त्याला तांदळाची पेज म्हणतात, आणि ती आजाऱ्याला देतात. वंदनाचा नवरा ती घरून करून आणायचा. "माह्या मालकानं फडक्यातून गाळून आनली जी, एक शीत बी नाई त्याच्यात," ती मला पलीकडच्या खाटेवरून दाखवायची. मला तिच्या पेजेचा हेवा वाटला. पेजेचा! घरी गेल्यावर मी माझी पेज स्वतःच गाळली, टाक्यांवर हात धरून.

वजन उतरू लागलं. सुई सुटली. ही मोठी गोष्ट होती, आणि ती मी लपवणार नाही. पण त्याचबरोबर दुसरंही सुरू झालं.

सिहोऱ्याला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत मामी वाढायला आली. मी हात आडवा धरला.

"काहून बाई, आता पतली झाली त आमच्या घरचं गोड चालत नाई का तुले?"

"मामी, ऑपरेशन झालं ना."

"बुंदीनं काय होते? दोन दाने तोंडात टाक. लग्नघरातून तोंड कोरडं ठेवून जाते का कोनी?"

शेजारच्या बायका बघायला लागल्या. मी खाल्ली. थोडीशीच. थोड्या वेळाने छाती धडधडायला लागली. घाम सुटला. डोळ्यांसमोर अंधार, पोटात कोणीतरी पिळा घातलेला. मी मांडवामागे पाण्याच्या ड्रमला टेकून बसले. वाटलं, संपलं. डॉक्टरांचा फोन लागेना. मॅडमनी उचलला नाही. मग वंदनाला लावला.

"ताई, बसूनच राहा. उठू नोका," ती म्हणाली. "डंपर आला तुमाले."

"काय आला?"

"अवो, डाक्टर म्हने ना ते, डंपिंग. मी त डंपरच आयकलं होतं. अन् बराबर बी हाय ना जी. रेतीचा डंपर घरापासून जाते तवा कसं भांडेकुंडे हालते? तसंच हाय हे. गोड खाल्लं का येते. मले चार खेपा येऊन गेला. बसा, जाते तो."

वैनगंगेच्या दोन्ही काठांना रेतीचे डंपर ज्याने सोसले नाहीत असा माणूस आमच्या जिल्ह्यात नाही. मी ड्रमला धरून बसले. तो गेला.

तेव्हापासून आमचा तो शब्द ठरला. सकाळी फोनवर आधी तेवढंच, "आला होता का?" "नाई जी, आज रस्ता मोकळा." हळूहळू तो शब्द गटातल्या दोघीतिघींपर्यंत पोचला. त्याही कानाशी येऊन बोलायच्या. मोठ्याने कोणी नाही.

मग केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, कणकेत. वंदनाचे गळले नाहीत. तिने फोनवर ते सहज सांगितलं, "माहे त जसेच्या तसे हाये जी." पुढचे काही दिवस मी तिचा फोन उचलला नाही. मग उचलला. ज्या माणसाचा हेवा वाटतो त्याच्याशिवाय आपलं कोणी नसतं, असेही दिवस असतात.

केसांचं मी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. कोणाचे गळले? किती दिवस? परत येतात का? चहा गाळून होईपर्यंत मेसेज नाहीसा झाला होता. अ‍ॅडमिनने काढला. अ‍ॅडमिन म्हणजे मॅडम. मला वेगळं लिहून पाठवलं, 'ताई, असं टाकू नका. नवीन लोक घाबरतात.' खाली हात जोडलेले, आणि एक गुलाब.

मग गटाचा वार्षिक मेळावा आला. मी आता आफ्टर. सोफ्यावर. बाहेर दारावरच फ्लेक्स लावलेला, आणि त्यावर मी. डावीकडे तो आखूड टी-शर्ट, न हसलेली. उजवीकडे साडीत, हसते आहे. खाली मोठ्या अक्षरात, 'कल लाज, आज नाज.' हे यमक कोणी जुळवलं ते मला माहीत नाही. भेटायची इच्छा आहे.

त्या डावीकडच्या बाईकडे मी बराच वेळ बघत राहिले. ह्याच शरीराने मी शिकले. ह्याच शरीराने आईला शेवटी उचलून अंघोळ घातली. शाळेच्या ग्रंथालयातलं एकेक पुस्तक ह्याच हातांनी शिडीवर चढून लावलं. लाज कधी होती? लाज त्या दिवशी दिली. एक माप लहान, शिवून तयार.

तोंडावर पाणी मारायला बाथरूमकडे गेले. आत कोणीतरी ओकत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं, मी ढकललं. रत्नमाला मॅडम बेसिनवर वाकल्या होत्या आणि त्यांच्यासोबत आलेली कामवाली बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या हातात मॅडमचे केस होते. सगळेच्या सगळे, क्लिपांसकट. मॅडमच्या डोक्यावर उरले होते ते माझ्यासारखे.

त्यांनी आरशात मला पाहिलं.

"डंपर?" मी विचारलं. ह्यात टोमणा नव्हता. आमच्यात असंच विचारतात.

"कोणाला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. तोपर्यंत मी ताई होते.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मला पुन्हा हेवाच वाटला, आधीपेक्षा जास्त. पाठीवरून फिरणाऱ्या त्या हाताचा. त्या क्लिपांचा. हिची लाज हिच्या पर्समध्ये मावत होती, आणि माझी दारावर टांगली होती. खोटं बोलायलाही ऐपत लागते, ती हिच्याकडे होती.

लिपस्टिक लावून मॅडम स्टेजवर गेल्या. "इतकी वर्षं झाली, मला तर काहीच त्रास नाही!" टाळ्या. मग माझं नाव पुकारलं. काय बोलायचं ते त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं. आभार, आत्मविश्वास, नवा जन्म.

मी माईक हातात घेतला तेवढ्यात मागून एक बाई उठली. दुहेरी खुर्चीतून उठायला तिला वेळ लागला. "ताई, ह्या गुरुवारी माहं ऑपरेशन हाय. लय भेव लागून राहिलं. नंतर काई होते का जी?"

मॅडम माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. नाही म्हण, नाही म्हण.

"होते," मी म्हणाले.



"उलट्या होतात. घाईने खाल्लं तर होतातच. गोड खाल्लं तर डंपर येतो." सोफ्यावर कोणीतरी फिसकन हसलं. "केस गळतात. माझे गळले. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. नातेवाइकांना कळत नाही, ते ताटात वाढत राहतात. माझी सुई सुटली, गुडघे बरे झाले. मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा करीन. पण..."

माईक बंद झाला. मॅडमनी माईकवाल्याला खूण केली होती. जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "निगेटिव्ह नको बोलूस."

माझा आवाज मुळात मोठा आहे. ग्रंथपाल झाल्यापासून तो वापरायची वेळ आली नव्हती. मी स्टेजवरून उतरले, मागे गेले आणि उरलेलं त्या बाईसमोर उभी राहून सांगितलं. वंदना सोफ्यावरून ओरडली, "रिकाम्या पोटी गोळी घेऊ नोका म्हना त्याईले! अन् डंपर येऊन उकडत असन त जमिनीवर बसा, खाटेवर नाई!" आणखी एक आफ्टर उठून आली. बाकीच्या मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

मॅडमचं नाव मी घेतलं नाही. ती त्यांची उलटी होती. मी माझी सांगितली.

फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. "तू जळतेस माझ्यावर."

"हो, जळते," मी म्हणाले. "तुमच्या गळ्यावर जळते. केसांवर जळते, ते कोणाचेही असोत. तुमच्या पाठीवर हात फिरवणाऱ्या बाईवरसुद्धा जळते. म्हणून काय तुमच्यासारखं बोलू?"

 अड्याळची बस मिळायच्या आत त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

हेवा गेलेला नाही. पोट कापून तो निघत नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे, आणि विचारलं तर हेही सांगीन. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. बोलावणं नसताना. आत घेतलं तर आत, नाहीतर फाटकाबाहेर, जिथून प्रत्येकीला आत जावं लागतं. जिचं ऑपरेशन ठरलं आहे तिला आधी त्रास सांगणार, मग फायदा. माझा नंबर देणार. मग तिने करावं किंवा करू नये, तिची ती मुखत्यार. पण माहीत असून करावं. एवढ्यासाठी मी दर महिन्याला भंडाऱ्याची बस धरणार आहे. मला कोणी अडवून दाखवावं.