ओळख करून द्या

टाक विकायला कुणी आलं की काका तो आधी वजनाला घालायचे नाहीत. तळहातावर घ्यायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि चेहरा विकणाऱ्याकडे फिरवून म्हणायचे, “यांची ओळख करून द्या की.”

टाक म्हणजे देवघरातला चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला चेहरा. खंडोबा असतो, भवानी असते, आणि घरातलं कुणी अकाली गेलं असेल तर त्याचाही करतात. तुमच्याही घरी असेल. देवाचं ठीक होतं, पण माणसाचा टाक असला की विकणारा चाचरायचा. “हे... आमचे पंजोबा,” म्हणता म्हणता पिशवी उचलून परत गेलेले कितीतरी लोक मी बघितले. त्यांच्या पाठीकडे बघत काका म्हणायचे, “गेलं गिऱ्हाईक. बरं झालं.” आता असा माणूस काय कपाळ धंदा करणार!

परभणीत आमच्या गल्लीत त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं आणि समोर माझं बांगड्यांचं. समया, अडकित्ते, पानाचे डबे, निजामाच्या वेळचे सिक्के, असलं सगळं ते घ्यायचे, आणि शहरातले हौशी लोक ते जमवायला यायचे. मी तोंडाची फटकळ, काका मऊ. आणि दमलेले. सकाळी कुलूप काढतानाच दमलेले दिसायचे.

“काका, आत्ता तर दुकान उघडलंत. दमलात कशानं?”

“दिवसभर खोटं ऐकायचं हाय बाई. त्याचीच तयारी.”

खोटं बी नाना तऱ्हेचं. पिंगळीकडचा एक बहाद्दर समई घेऊन आला, म्हणे तीन पिढ्यांची आहे. काकांनी ती नाकाशी धरली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “उकिरड्यात कवा पुरली व्हती?” तो म्हणाला, “पोळ्याला,” आणि मग त्याने जीभ चावली. मी इकडे हसून हसून बेजार. काका मात्र हसले नाहीत. समई परत देत म्हणाले, “अजून एक पावसाळा राहू द्यायची व्हती.”

घेणारे तर विकणाऱ्यांचे बाप. खांद्याला शबनम लावलेला एकजण महिन्या-दोन महिन्याला यायचा. वस्तू काकांच्या हातात असेपर्यंत ती भंगार, याच्या पिशवीत गेली की एकदम पेशवाई. एकदा काका पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्याने चांगला अडकित्ता उचलून तिथे फुटका ठेवला. तेव्हापासून तो पाणी मागायला लागला की मी इकडून ओरडायची, “काका, बसा तुमी! पाणी मी आणते!”

स्वतः काका लिंगायत. “आमचा देव गळ्यात,” ते म्हणायचे, “मेल्यावर संगं मातीत जातो. पोराला इकायची सोयच न्हाई.” पण दुसऱ्यांचे देव रोज सकाळी धुऊन ठेवायचे. मी चिडवलं तर म्हणायचे, “पाव्हणे हायत बाई, पारोसे कसे ठेवू?”

नामांतराच्या दंगलीनंतरची गोष्ट. एकजण पोत्यातून भांडी घेऊन आला, धुराने काळी पडलेली. एका तांब्यावर कुणा बाईचं नाव कोरलेलं होतं. काकांनी त्याला ओळख विचारली नाही. “उचला ते,” एवढंच म्हणाले आणि दुकान बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत.

तर असा माणूस. आणि त्यालाच एकाने फसवलं, तेही ओळख करून देऊनच.

ताडकळसचा माणूस होता, चांगला बाप्या. टाकावर लहान पोराचा चेहरा. काकांनी नेहमीसारखा तो त्याच्याकडे फिरवला. हा जराही अडखळला नाही. “माजा धाकला भाऊ. इहिरीत पडला. मायनं केल्ता टाक. आता माय बी वारली. ह्याला कोन धुनार? तुमच्या हातानं चांगल्या घरी जाऊ द्या.” बोलता बोलता रडला मेला. काकांचेही डोळे भरले. टाक त्यांनी घेतला, आणि पुढच्या खेपेला शबनमवाल्याने तो नेला. देवघरात ठेवतो म्हणाला होता.

मग एके दिवशी माझ्या पायरीपाशी एक म्हातारी आली. “लेकी, टाक घेतेत ते दुकान कंचं? माजं लेकरू तितं हाय म्हणं.”

मी तिला हाताला धरून समोर नेलं. काकांनी गाव विचारलं, विहीर विचारली आणि मट्‌कन खाली बसले.

“आक्का, तुमचा पोरगा म्हणला, माय वारली.”

“म्हणला असंल,” म्हातारी म्हणाली. “दर अमोशाला मी त्याला आंगूळ घालते, गुळाचा खडा ठेवते. अंगठ्यानं धुऊन धुऊन डावा गाल झिजलाय बगा त्याचा. कुटंबी दिसला तरी वळखील मी. तेवडा द्या मला. दुसरं काई नगं.”

त्या दिवसापासून काकांना दुसरं काही सुचेना. शबनमवाल्याला पत्रांवर पत्रं धाडली. त्याला कळलंच की नड आहे. तो आला आणि काकांचा मोराच्या तोंडाचा अडकित्ता मागितला. तो काकांच्या वडलांचा, कुणाला हातसुद्धा लावू देत नसत. काकांनी मुकाट्याने दिला. मग त्याने पुडी पुढे केली.

“तुमचा तो टाक गेला एका साहेबाबरोबर परदेशात. हा घ्या, अगदी तसाच आहे. म्हातारीला काय कळतंय?”

मी तिथेच होते. त्याची सात पिढ्यांची ओळख मी त्याला करून दिली! काका मात्र त्या टाकाकडे बघत बसले. लहान पोराचाच चेहरा, दोन्ही गाल गुबगुबीत. त्यांनी तो ठेवून घेतला.

म्हातारी आली तेव्हा जन्मभर दुसऱ्यांचं खोटं ऐकणारे काका स्वतः खोटं बोलले. “आक्का, आला बगा तुमचा.” आवाज असा निघाला की मलाच कसंतरी झालं. म्हातारीने टाक घेतला, डाव्या गालावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“दादा, ह्याचा गाल भरल्याला हाय.”

काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हातारी टाक त्यांच्या अंगावर फेकते. मी असते तर फेकला असता. तिने डोळे पुसले आणि तो पदराच्या गाठीत बांधला.

“असू द्या. कुनाचं तरी लेकरूच हाय. ह्याची माय आली इचारत, तर मला सांगा.”

त्यानंतर काकांनी टाक घेणं सोडलं. ओळख विचारणंही सोडलं. शबनमवाला आला की उठून मागच्या दाराने जायचे, आणि मग त्याला मी होतेच. म्हातारी वर्षातून एकदा तरी यायची, पदराची गाठ सोडून टाक दाखवायची. “ह्याची माय आल्ती का?” काका म्हणायचे, “अजून न्हाई, आक्का.” तिने स्वतःच्या लेकराचं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं काका म्हणायचे.

काका गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून. तो तळहात बघून मला रडू आवरेना. पोराने दुकानातलं सगळं एकदम विकलं. कुणाला, ते सांगायला नको. तिथे आता टेलिफोनचा बूथ आहे.

त्या वर्षी म्हातारी आली, समोरची काचेची केबिन बघून थबकली आणि माझ्या पायरीवर टेकली. मी काकांचं सांगितलं. तिने पदराची गाठ सोडली आणि टाक माझ्या हातात ठेवला.

“तू ठेव लेकी. माजं आता काई खरं न्हाई. माज्या मागं माजा थोरला पुन्हा इकील ह्याला.”

उजवा गाल अजून गुबगुबीत होता. डावा पार झिजून गेला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी तो तळहातावर घेतला, पदराने पुसला आणि चेहरा तिच्याकडे फिरवला.

“ओळख करून द्या की, मावशी.”

ती त्याच्याकडे बघत राहिली.

“नाव ठावं न्हाई बग,” ती म्हणाली. “पन गूळ आवडतो त्याला.”