कीओंचं रक्त

मॅलकी कीओच्या उजव्या हाताची करंगळी टोचून टोचून निबर झाली होती, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! आमच्या या आयरिश मुलखात, दक्षिण रॉसकॉमनात, कुणाला नागीण उठली की माणूस आधी डॉक्टरकडे जातो आणि मग, डॉक्टरला न सांगता, कीओकडे. कीओंच्या रक्ताचा थेंब नागिणीच्या कडेने फिरवला की ती पुढे सरकत नाही, हे इथं शेंबडं पोरगंही सांगेल. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत. आभार मानले की गुण गेला.

मॅलकीने चाळीस वर्षं डेअरीचा टँकर चालवला. पण ओळख करून देताना म्हणायचा, "धंदा म्हणाल तर दुधाचा, घराणं म्हणाल तर राजाचं!"

रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. बाकीचे म्हातारे कोबी लावतात, याने आडनाव खणायला घेतलं. भिंतीला लावायच्या कागदाचा उरलेला एक लांबलचक गुंडाळा होता, त्याच्या पाठीवर वंशावळ काढली. सगळ्यात वर ओही. आठशे वर्षांपूर्वीचा हा ओ'केली राजांच्या घराण्यातला पुरुष. त्याची मुलंबाळं ती मॅक ओही, म्हणजेच कीओ. त्याच्याखाली याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा. मधल्या दोन-अडीचशे वर्षांचे कागद डब्लिनच्या कचेरीत जळून गेलेले, तिथं मॅलकीने टिंबं काढली. टिंबं संपली की खाली त्याचा पणजोबा मायकल, आजा पॅट्रिक, बाप आणि शेवटी, जरा मोठ्या अक्षरात, मॅलकी स्वतः.

या सगळ्याची रेवडी उडवायला शेजारीण होतीच. अट्रॅक्टा नॉटन. पोस्टात तीस वर्षं काढलेली, नवरा गेलेला, जीभ शाबूत. मॅलकीची कालवड कुंपणातून तिच्या बागेत शिरली की ती ओरडायची, "अहो राजेसाहेब! आठशे वर्षांपूर्वीचं सगळं सापडतं, आणि कुंपणातलं भोक सापडत नाही होय?"

"राजे लोक कुंपणं घालत नसत, अट्रॅक्टा."

"कसे घालतील? दुसऱ्यांच्या गाई पळवण्यातच जन्म गेला त्यांचा!"

ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या हॉलमध्ये जगभरच्या कीओंचा मेळावा भरणार होता. ऑस्ट्रेलियातून माणसं येणार होती, बोस्टनहून येणार होती, आणि स्टेजवर वंशावळ वाचायचा मान मॅलकीला. त्याने सूटसुद्धा धुऊन आणला. फक्त पणजोबा मायकलच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळत नव्हती. मेळाव्याला तीन आठवडे राहिले तेव्हा तो फादर कॉनीलींच्या घरी गेला आणि जुन्या वह्या मागून बसला.

बाप्तिस्मा सापडला नाही. लग्न सापडलं. फेब्रुवारी १८६६, वधू ऑनोरा कीओ, वर मायकल टुली. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचा, पॅट्रिकचा बाप्तिस्मा, तेच गाव, तेच घर. पण बापाचं नाव मायकल कीओ.

"घरजावई होता रे तो," फादर चष्मा पुसत म्हणाले. "जमीन कीओंच्या नावावर. जमीनदाराच्या कारकुनाला खातं बदलायचा कंटाळा, गावाला जीभ बदलायचा कंटाळा. त्या घरात जो शिरला तो कीओ झाला."

"म्हणजे मी टुली?"

"मग बिघडलं काय? टुली म्हणजे तर ओ'कॉनर राजांचे वैद्य!"

पण मॅलकीच्या कानात काही शिरत नव्हतं. घरी येऊन त्याने गुंडाळा कपाटावर फेकला, आणि करंगळीकडे बघत कितीतरी वेळ बसला. चाळीस वर्षं लोकांना आपण काय फासत आलो? टुलीचं रक्त! लाजेने त्याला चहासुद्धा गोड लागेना.

आणि नशीब बघा कसं. त्याच आठवड्यात अट्रॅक्टाला नागीण झाली. कंबरेच्या डाव्या बाजूला फोड उठले आणि पुढे सरकायला लागले. दोन टोकं मिळाली की माणूस जातो, हे तिच्या आईने तिच्या डोक्यात भरवलेलं. डॉक्टरच्या गोळ्या सुरू होत्या, तरी जन्मभर कीओंच्या रक्ताला हसणारी ती बाई कुंपणाच्या त्याच भोकातून वाकून आली आणि दारात उभी राहिली.

"बोलून घे काय बोलायचं ते, आणि टोच," ती म्हणाली.

मॅलकीने मान खाली घातली. "आज नको, अट्रॅक्टा. हात बरा नाही."

अट्रॅक्टा तशीच वळून गेली. तिला वाटलं, इतक्या वर्षांच्या टोमण्यांचा हा सूड. मॅलकीने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बागेतला झाडांना पाणी घालायच्या नळीचा आवाजही बंद झाला, तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, टोपी हातात.

"अट्रॅक्टा, मी कीओ नाही."

"मग काय, जर्मन आहेस?"

त्याने सगळं सांगितलं. वही, लग्न, घरजावई, टुली. ऐकता ऐकता अट्रॅक्टाला हसू फुटलं, तिने कंबर धरली. "हसवू नकोस मेल्या, आग होतेय!"

"तुला हसू येतंय. माझं घराणं गेलं."

"कुठे गेलं? ऑनोरा तुझी कोण?"

"पणजी."

"माहेरची कोण?"

"कीओ."

"मग तुझा आजा काय त्या टुलीने पोटात वाढवला? रक्त फक्त दाढीवाल्यांनाच असतं का रे?" ती आता खुर्चीत ताठ झाली होती. "आठशे वर्षांचा तुझा कागद बघितलाय मी. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा, आणि एक बाई नाही त्यात! सगळे काय झाडाला लागले होते? आणि टुली वैद्य होते म्हणतोस. मग तर दोन्हीकडून औषध! टोच मुकाट्याने. कंजुषी करू नकोस."

मॅलकीचे डोळे भरून आले, त्याने ते लपवलेही नाहीत. खिशातून सुई काढली, पेटत्या काडीवर धरली, करंगळीत खुपसली आणि लाल फोडांच्या कडेकडेने थेंब फिरवला. तो हात धुऊन दारापाशी पोचला तेव्हा अट्रॅक्टाने तोंड उघडलं, आणि ओठावर आलेलं गिळलं.

"कुंपण दुरुस्त कर," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तो खांब आणि तार घेऊन आला.

नागीण कंबरेच्या मध्यावर थांबली. गोळ्यांनी म्हणा, कशानेही म्हणा. मेळाव्याच्या दिवशी अट्रॅक्टा पहिल्या रांगेत बसली होती, स्वतः कीओ नसूनही. मॅलकीने गुंडाळा सोडला आणि ओहीपासून वाचत आला. टिंबांपाशी पाणी प्यायला. मग चष्मा नीट केला. टिंबांच्या खाली नव्या शाईत, त्याच्या स्वतःच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरात, एकच नाव होतं.

"ऑनोरा," तो म्हणाला. "ऑनोराचा मुलगा पॅट्रिक..."

"ऐकू येत नाही!" पहिल्या रांगेतून अट्रॅक्टा ओरडली.

"ऑनोरा!" मॅलकी एवढ्यांदा गरजला, की मागे चहा ओतणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या.