मंठ्यातला ओव्हन

बहीण बंगळुरूला राहायला गेली, तेव्हा खाली ओव्हन असलेली तिची विजेची शेगडी आमच्या मंठ्याच्या घरी आली. आई वरच्या कॉइलवर दूध तापवायची, बस्स. ओव्हन बंद पडल्याचं दुःख घरात एकट्या मलाच झालं.

एके दुपारी आई शेजारी गेल्ती. मी शेगडीचं मागचं झाकण खोललं, मीटर लावून पाहिला. ओव्हनची कॉइल तुटलेली निघाली. तसलीच कॉइल मी अंदाजानं जुन्या जालन्यातून आधीच आणून ठेवली होती. वायरींचा आधी फोटो काढला, मग जोडणी केली आणि बटण फिरवलं. ऊब लागली! मी ऐटीत चहा मागितला.

थोड्या वेळानं खमंग वास सुटला. "नवी कॉइल आहे, पहिल्यांदा वास येतोच," मी बायकोला समजावलं.

"कॉइलला हिंगाचा वास येतो का?" तिनं विचारलं.

तेवढ्यात आई दारातून ओरडली, "अरे, त्याच्यात माझे पापड हायेत ना!"

बंद ओव्हनइतकं कोरडं, मुंगीही न शिरणारं कपाट घरात दुसरं नाही, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. मी दार उघडलं. वर्षभराचे उडदाचे पापड एकसारखे फुलले होते.

पुढे कितीतरी दिवस आम्ही दोन्ही वेळा पापडच खाल्ले, गल्लीतही वाटले. त्या दुपारी मात्र आईनं आधी एक मोडून चाखला.

"भाजले मातर बराबर," ती म्हणाली. "आता मला हे पहिल्यासारखं बंद करून दे."