वळणावरची देवी

लंकाबाई त्या टेकडीवर अजून अनवाणीच चढते. आता तिथे सकाळी फिरायला येणारे पांढरे बूट घालून येतात आणि खाली गोदावरी दिसते तिथे थांबून फोटो काढतात. या वाटेची खडी बहात्तरच्या दुष्काळी कामावर बायांनी फोडली, हे त्यांना ठाऊक नसतं.

लंकाबाई त्या बायांतली. तेव्हा ती अठराची होती. पाच महिन्यांची मुलगी पाटीत निजवून ती कामावर यायची. हगवणीने पोर दोन दिवसांत गेली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. नवऱ्याने तिला वाटेच्या वळणावर पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर मोठा दगड ठेवला. आणि माणसांनी दगड हलवू नये म्हणून लंकाबाईने त्याला शेंदूर फासला.

शेंदूर बघून लोक हात जोडू लागले, नारळ फुटू लागले. लंकाबाईने कोणाला अडवलं नाही. पोरीजवळ वर्दळ असते, एवढंच तिला बरं वाटायचं.

यंदा वाट रुंद करायला घेतली. इंजिनीअर महेश तिच्या दारी आला.

"आजी, वळणावरची देवी खरंच जुनी आहे का? असेल तर वळसा घालू. नाहीतर दगड काढून खोदावं लागेल."

"त्यांनाच ठाऊक," सून सुमन म्हणाली. "घरातल्या देवाला एक फूल नाही, पण तिला दर अमावास्येला दूधभात."

मुलीचं नाव लंकाबाईच्या ओठांशी आलं. ते माहीत असलेला नवरा आता नव्हता. आपल्याला मोठी बहीण होती, हे मुलाला, दीपकलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

"देवीच हाय," ती म्हणाली. "लय जुनी. हात नका लावू."

वाटेने वळसा घेतला. दोन महिन्यांत दगडाभोवती फरशी आली, वर छप्पर, पुढे जाळी. जाळीला कुलूप, किल्ली नव्या पुजाऱ्याकडे.

अमावास्येला ती वाटी घेऊन गेली.

"मावशी, शिजवलेलं इथे चालत नाही," पुजारी म्हणाला. "नारळ आणत जा."

"उष्टं नाय ओ. पोरीला..."

"कोणाला?"

"कोणाला नाय."

जाळीबाहेर थोडा वेळ बसून ती घरी आली. सुमनने झाकलेली वाटी पाहिली.

"आज देवीचा उपास वाटतं?"

लंकाबाई भिंतीला टेकून बसली, वाटी मांडीवर घेतली आणि गार झालेला दूधभात एकटीने संपवला.